आजीचं कुठलं नाव?

“बाई, समोरच्यांचं नावाचं काही कळलं का?”

“मला कुठलं कळायला? काल तिथं तुम्ही होता, मी नव्हते.”

“मी आपली बाळंतिणीला बघायला गेलेली. डिंकाचे लाडू दिले, बाळाच्या मुठीत शंभराची नोट ठेवली आणि उठले. मधे थोडं बसले, तेवढंच.”

माई थोडं बसल्या म्हणजे त्या घरातलं सांगण्यासारखं काही मागं शिल्लक राहत नाही. आमच्या दोन घरांमधली भिंत छातीएवढी आहे. कोपर नीट टेकावेत म्हणून माईंनी त्यांच्या बाजूला पायाखाली दोन विटा रचून घेतल्यात. सांगलीत आता जिकडंतिकडं अपार्टमेंटं झाली. बोलता येईल इतपत उंचीची भिंत असलेली गल्ली शोधावी लागते. माईंनी हातातल्या शेवग्याच्या शेंगा भिंतीवर ठेवल्या आणि पदर खोचला, तेव्हाच मी गॅस बंद करून आले.

“बारावा दिवस केव्हाच उलटला. आता सव्वा महिन्यानं बारसं करायचं म्हणतात. दाखल्यावर नावाची जागा कोरीच आहे. कुणी पोरीला चिमी म्हणतंय, कुणी माऊ म्हणतंय.”

“दाखल्याचं काही अडत नाही. जन्माची नोंद एकवीस दिवसांत झाली की झालं. नाव वर्षाच्या आत फुकट घालता येतं, आणि उशिराचं शुल्क भरलं तर पंधरा वर्षांपर्यंत.”

“पंधरा वर्षं! असं त्यांना जाऊन सांगू नका हो. तेवढी वर्षं भांडतील.”

“भांडण कसलं पण? आजीचं नाव ठेवायचं ठरलंय असं ऐकलं होतं मी.”

“तेच तर! आजीचं नाव ठेवायचं हे सगळ्यांना मान्य. म्हातारी गेली गेल्या श्रावणात. वर्षश्राद्ध व्हायच्या आत पोरगी झाली. सगळी म्हणाली, आजीच माघारी आली. आप्पा आजोबा तर पाळण्यापासून हलत नाहीत. सगळं गोड आहे. पण आजीचं कुठलं नाव ठेवायचं?”

“कुठलं म्हणजे? शालनताईच ना त्या?”

“हां! फसलात की नाही तुम्हीपण?”

माईंनी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघून घेतलं. रस्त्यात एक कुत्रं होतं. तरी आवाज उतरला.

“शालन हे सासरचं. माहेरचं कृष्णा.”

इतकी वर्षं समोरासमोर राहिलो, हळदीकुंकवाला गेलो-आलो, त्यांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला डबे पोचवले, आणि मला हे माहीत नव्हतं.

“मला तरी कुठं माहीत होतं? काल आक्का बोलली. आक्का म्हणजे त्यांची लेक, निपाणीकडं दिलेली. लग्नातच नाव बदललं. ताटात तांदूळ पसरून अंगठीनं लिहितात ना, तसं. आणि का बदललं, सांगू? आप्पांच्या वडिलांचं नाव कृष्णाजी. आणि सून आली कृष्णा. मग सासूनं सुनेला हाक कशी मारायची? नवऱ्याचं नाव तोंडातून जाणार की! म्हणून केली शालन.”

“म्हणजे त्यांना स्वतःचंच नाव—”

“घ्यायची चोरी! मामंजींचं नाव ना ते. बाई, मी इतक्यांदा ऐकलं, पण डोक्यात कधी प्रकाश पडला नाही बघा. पाणी चढायला लागलं की सगळी सांगली म्हणते, कृष्णामाई फुगली. ही म्हणायची, नदी फुगली. २०१९ च्या पुरात आपण सगळ्या गच्चीत बसून होतो. बायका रात्रभर कृष्णामाईला हात जोडत होत्या आणि हिचं आपलं चाललं होतं, ‘नदे, माघारी जा बाई.’ मी म्हटलं, अहो, नाव घेऊन सांगा की, ऐकेल ती. नुसती हसली.”

माई क्षणभर थांबल्या. माईंचं थांबणं फार टिकत नाही.

“आमच्या माहेरी तर तमाशाच होता. थोरल्या भावाला मुलगा झाला, त्याला आजोबांचं नाव ठेवलं, दत्ताजी. कौतुकानं ठेवलं. पण घेणार कोण? वहिनीला सासऱ्याचं नाव घेता येईना, आईला नवऱ्याचं घेता येईना, चुलतीला थोरल्या दिराचं घेता येईना. घरात बायका तीन आणि तिघींना बंदी. मग पाळण्यातल्या पोरालाच ‘आबा’ म्हणायला लागल्या. आबा, चड्डी घाल. आबा, नाक पूस. शाळेत नाव घालायला नेलं तर मास्तरांनी विचारलं, नाव काय रे तुझं? म्हणालं, आबा. मास्तर म्हणाले, आणि वडिलांचं? म्हणालं, दादा. आता साठीला आलाय, बँकेतून रिटायर झाला, तरी भावकीत दत्ताजी कुणाला माहीत नाही. मार मात्र कमी खाल्ला. आईचा हात उठायचाच नाही त्याच्यावर.”

“का?”

“नवऱ्याच्या नावाच्या पोराला मारणार कशी?”

इतक्यात व्हरांड्यातून तात्यांचा आवाज आला. तात्या म्हणजे माईंचे यजमान. पेपर तोंडापुढं असतो, कान भिंतीकडं.

“अहो, गेलेल्याचं नाव येणाऱ्याला, हा आपल्याकडचा कायदाच आहे! शिवाजीराजांचे थोरले बंधू संभाजी, कनकगिरीच्या वेढ्यात पडले. मग १६५७ साली पुरंदरावर राजांना पुत्र झाला. नाव काय ठेवलं? संभाजी. राजे १६८० ला गेले आणि १६८२ ला संभाजीराजांना मुलगा झाला. नाव शिवाजी. पुढं शाहू छत्रपती म्हणून गादीवर बसले ते हेच. राजारामांना दोन मुलगे, एक शिवाजी, एक संभाजी. कोल्हापूरच्या गादीवर आधी एक बसला, मग दुसरा.”

“झालं, लागलं इतिहासाचं पान,” माई म्हणाल्या.

“पेशव्यांचं बघा. बाळाजी विश्वनाथ १७२० च्या एप्रिलात गेले. डिसेंबरात नातू झाला, नाव बाळाजी. तरी सगळे ओळखतात नानासाहेब म्हणून. थोरले माधवराव १७७२ ला थेऊरला गेले. दीड वर्षानं नारायणरावांना मुलगा झाला, तोही बाप मारला गेल्यावर. त्याला चुलत्याचं नाव दिलं आणि वर सवाई लावलं. लांब कशाला, आपल्या सांगली संस्थानाचा पहिला राजा चिंतामणराव, शेवटचाही चिंतामणराव.”

“त्या बाळाजीच्या आजीचं नाव काय हो, तात्या?” मी विचारलं.

“राधाबाई.” उत्तर ताबडतोब आलं.

“माहेरचं?”

“बर्वे. डुबेऱ्याचे बर्वे. थोरल्या बाजीरावांचा जन्म तिथलाच.”

“आडनाव नाही विचारलं. नाव विचारलं.”

पेपर पुन्हा वर गेला.

आता माझ्याही अंगात आलं. शिक्षिकेचं अंग निवृत्त होत नाही. मी म्हटलं, “माई, रमाबाई रानडे आपल्याच जिल्ह्यातल्या, देवराष्ट्र्याच्या. माहेरच्या कुर्लेकर, आणि नाव यमुना. १८७३ साली न्यायमूर्तींशी लग्न झालं आणि यमुनेची रमा झाली. आनंदीबाई जोशी, अमेरिकेत जाऊन डॉक्टर झालेल्या. कल्याणच्या. माहेरचं नाव काय? यमुना. त्याही यमुनाच. लोकमान्यांच्या पत्नी सत्यभामाबाई, माहेरच्या तापी. धोंडो केशव कर्व्यांच्या बाया कर्वे, माहेरच्या गोदू, लग्नात झाल्या आनंदी.”

माई बोटं मोजत होत्या. “यमुना, यमुना, तापी, गोदा… आणि ही आपली कृष्णा. अहो, सगळ्या नद्याच की!”

“पूर्वी ठेवायचेच मुलींना नद्यांची नावं.”

“मग मी पण धरा त्यात.”

“तुम्ही?”

“गंगू होते मी. गंगूबाई दत्ताजी अमुक अमुक. इथं आल्यावर मालती झाले.”

“ते आता कशाला सांगायचं?” पेपरामागून आवाज आला.

“का? तुम्ही राधाबाईंचं सांगू शकला नाहीत, निदान माझं तरी ठाऊक असू दे लोकांना!”

हे प्रकरण तात्यांच्या अंगाशी येतंय म्हणून मी विषय समोरच्या घराकडं वळवला. धाकट्याचं म्हणणं काय होतं? धाकटा म्हणजे बाळाचा बाप, आप्पांचं शेंडेफळ, हिंजवडीतल्या नोकरीवरून सध्या घरूनच काम करतो.

“त्याचं म्हणणं, शालन हे नाव जुनं वाटतं. पण आईचं काहीतरी राहिलं पाहिजे. म्हणून ‘शा’ घ्यायचा आणि शनाया ठेवायचं. मी म्हटलं, बाबा रे, ‘शा’चा सुद्धा ‘श’ झाला, मग आईचं राहिलं काय? काना पण गेला की!”

“आजकाल तसंच करतात. पहिलं अक्षर घेतलं की झाली आठवण.”

“भटजींनी आणखी गोंधळ घातला. पोरीचं नक्षत्र आर्द्रा. अक्षरं आली कु, घ, ङ, छ. त्यातही चरण तिसरा. म्हणजे ‘ङ’. आता ‘ङ’वरून नाव सांगा. आख्खी दुपार घर त्याच्यावर बसलं होतं. शेवटी भटजीच म्हणाले, पत्रिकेतलं नाव पत्रिकेत राहू द्या, हाक मारायला हवं ते ठेवा.”

“जिवंत माणसाचं मात्र ठेवत नाहीत बघा आपल्याकडं. आजोबा हयात असले तर त्यांचं नाव टाळतात.”

“सचिन तेंडुलकर!” तात्या पुन्हा हजर. “१९७३ ला जन्मला, सचिनदेव बर्मन तेव्हा हयात होते. वडिलांनी त्यांच्यावरूनच ठेवलं.”

“ते काय तेंडुलकरांचे आजोबा होते का?” माईंनी मान न वळवता विचारलं. “आणि नाव ठेवलं म्हणून काय सगळं उतरतं का खाली? मागच्या गल्लीत त्या सावकारांनी नातवाला आजोबांचं नाव दिलं. आजोबा गावाला पाणपोई घालायचे. नातू फाटकाजवळचा नळ कुलपात ठेवतो. आडवं येणाऱ्या मांजराला सुद्धा पाणी मिळायचं नाही.”

मला ते सावकार माहीत आहेत. नळाला कुलूप आहे हे खरं. पण मागच्या उन्हाळ्यात त्याच नळावरून गल्लीतली पोरं पाण्यानं खेळून रस्ता भरवायची हेही खरं. ते मी माईंना सांगितलं नाही. नाहीतर शालनताई राहिल्या असत्या बाजूला आणि पाण्याचा विषय निघाला असता.

“आक्काचं एवढं का लागलंय पण?” मी विचारलं. “आईला सगळं आयुष्य लोक शालन म्हणाले. आधार कार्डावर शालन, मतदार यादीत शालन. तेराव्याच्या पत्रिकेवरही शालनच छापलं होतं.”

“तेच तिला लागलंय. पत्रिका बघून ती रडली होती, पण तेव्हा कुणाला कळलं नाही कशासाठी रडतेय. आई गेली म्हणूनच रडत असणार असं वाटलं. मग तिनं शोधायला घेतलं. गावाकडं हेळवी येतो त्यांच्या, माहीत आहे ना?”

“बैलावर बसून येणारे? खानदान वाचणारे?”

“ते. आता बैल कमी झाले, पण सुगी संपली की येतोच कुणी ना कुणी. चोपडी उघडतो आणि वाचायला लागतो: मूळ गाव कुठलं, तिथून का उठले, कुणाला किती मुलगे, कोण कुठं जाऊन राहिला. जोंधळे घेतो, कापड घेतो. आक्कानं त्याला बसवून घेतलं. कृष्णाजी निघाले, कृष्णाजींचा बाप निघाला, आजा निघाला, पणजा निघाला. म्हणाली, आता माझ्या आईचं सांग. म्हणाला, शालन, अमक्या गावची लेक. माहेरचं नाव? तर म्हणाला, ते ताई, तिच्या माहेरच्या चोपडीत बघा. मग ही माहेरच्या गावी गेली. तिथल्या चोपडीत मामा सापडले. चारही मामा सापडले. लेकी दिल्या कुठं ते होतं, नावं नव्हती.”

“शाळेच्या रजिस्टरात असणार. चौथीपर्यंत तरी गेल्याच असतील.”

“असेल. पण तिथवर जायची पाळी आली नाही. तांब्या सापडला.”

“कसला तांब्या?”

“पितळेचा. रुखवतातला. माळ्यावरच्या पोत्यात होता. पूर्वी भांड्यावर नाव घालून द्यायचे ना, ठोकून, ठिपक्या-ठिपक्यांचं? काठाखाली आहे: चि. कृष्णाबाई हिस. मग वडिलांचं नाव, आणि सन १९६३. आक्का म्हणते, आई दिवाळीला तो चिंचेनं घासायची, पण अक्षरांवर बोट ठेवून घासायची. मला वाटायचं तिथं पोचा आलाय म्हणून हात जपून चालवते.”

आम्ही दोघी गप्प. मला आमच्या घरातल्या भांड्यांवरची नावं आठवायला लागली. आईच्या डब्यावर काय होतं? डबा मी मोडीत दिला होता. नाव वाचलं होतं की नाही, कोण जाणे.

“पण खरं कारण वेगळंच आहे,” माई म्हणाल्या. म्हणजे एवढा वेळ जे सांगितलं ती नुसती प्रस्तावना होती. “रस्त्यात जमीन गेली त्यांची, आठवतं?”

“गेली ना. पैसेही चांगले आले म्हणत होते.”

“आले. त्या वेळी आक्काला बोलावून घेतलं. साडी नेसवली, पुरणपोळी केली आणि हक्कसोडपत्रावर सही घेतली. ती पण दिली. हसत दिली.”

“हिस्सा तिचा होताच की, माई. १९९४ सालीच महाराष्ट्रानं मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका वाटा दिला. तेव्हा लग्न झालेल्यांना वगळलं होतं, पण २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीनंतर तेही राहिलं नाही.”

“मला कायदा नका सांगू. कायद्यानं हिस्सा मिळतो, माहेर मिळत नाही. माझ्याही दोन सह्या आहेत तशा. साडी तर साधी सुती होती.” माईंनी शेंगांची जुडी उगाच उलटीपालटी केली. “तर आक्का म्हणाली, सगळ्यांच्या देखत म्हणाली, जमीन तुमची झाली, पैसा तुमचा झाला, त्याबद्दल मी कधी तोंड उघडलं नाही. पण या घरची आत्या मी आहे. बारशाला बाळाच्या कानात नाव मी सांगणार. आणि मी कृष्णाच सांगणार. तुम्हाला दुसरं ठेवायचं असेल तर दुसरी आत्या आणा.”

“आणि धाकटा?”

“तो काय बोलणार? एकच बहीण. म्हणाला, आक्का, कृष्णा म्हणजे मुलाचं नाव वाटेल, शाळेत घोटाळा होईल.”

“काही होत नाही. माझ्या वर्गात एका वर्षी किरण तीन होते, दोन मुली आणि एक मुलगा. कुणी कुणाच्या जागी बसलं नाही.”

“हे तुम्ही त्यांना सांगा. पण गंमत ऐका. आक्काच्या बाजूनं कोण उभं राहिलं असेल? सून!”

“सून? तिला तर शनाया हवं होतं ना?”

“शनाया नवऱ्याचं. तिच्या मनात अनाया होतं. पण तिनं तांब्या हातात घेतला, वाचला आणि विचारलं, हे नाव का बदललं? आक्कानं सांगितलं. मग पोरगी काही बोलेचना. तुम्हाला आठवतं ना, तिच्या लग्नात नाव बदलायचं ताट आलं तेव्हा तिनं काय केलं होतं?”

आठवतं. सगळ्या गल्लीला आठवतं. तांदळावर अंगठीनं तिनं स्वतःचंच नाव लिहिलं आणि वर ‘पूर्वीप्रमाणेच’ असं म्हणून हसली. भटजींना हसावं का रागवावं कळेना. शालनताई तेव्हा मांडवात माझ्याशेजारी बसल्या होत्या. सगळ्या बायका कुजबुजत होत्या, या तेवढ्या ताटाकडं बघत राहिल्या होत्या. मला वाटलं, सासूबाई नाराज दिसतात.

“म्हणजे नणंद आणि भावजय एका बाजूला,” मी म्हटलं.

“मी उभ्या आयुष्यात पहिल्यांदा बघितलं! दोघींनी एका ताटातला लाडू खाल्ला हो. आणि सून म्हणाली, घरात कृष्णे म्हणून ओरडायला आता कुणाला बंदी आहे? सासूबाईंचं नाव म्हणून मी कमी रागवेन असं कुणी समजू नये.”

“चांगलंच आहे की. आणि आता नवीन नियमानं नाव कसं लिहितात, माहीत आहे ना? १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या बाळाचं आधी स्वतःचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव.”

माईंनी हवेत बोटानं लिहून बघितलं. “म्हणजे आधी आजी, मग आई, मग बाप. बाप तिसऱ्या नंबरला! धाकट्याला कळलंय का हे?”

“फॉर्म भरताना कळेल.”

“मग ठरलंच म्हणायचं,” तात्या म्हणाले. ते आता पेपर घडी घालून, चष्मा कपाळावर चढवून, उघडउघड भिंतीशी येऊन उभे राहिले होते. “मग भांडण कुठं राहिलं?”

“तेच सांगायचंय ना! आप्पा राहिले. घरचा कर्ता माणूस, त्यांना विचारायला नको? धाकट्यानं जवळ जाऊन मोठ्यानं सांगितलं, आप्पा, बाळाचं नाव कृष्णा ठेवायचं म्हणतोय. आणि म्हातारा जो खूश झाला! डोळ्यांत पाणी. म्हणाला, माझ्या बापाचं नाव ठेवलंत! मला वाटलं होतं, नव्या पोरांच्या कुणाच्या ध्यानातच नसेल. लगेच भावकीत फोन लावायला लावले. आमच्या नातीला आमच्या वडिलांचं नाव दिलं म्हणून दहा ठिकाणी सांगून झालंय. परवा गावाकडं पेढे गेले.”

“अरे देवा!”

“आक्काचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही.”

“पण बायकोचं माहेरचं नाव आप्पांना माहीत नसेल?” मी म्हटलं. “लग्न लागलं तेव्हा ऐकलंच असणार.”

“ऐकलं असेल एकदा. नंतर साठ वर्षं ‘अगं’ म्हणूनच हाक मारली. त्यांना शालन तरी आठवतं का, याची मला शंका आहे.”

“मग कुणी सांगितलं नाही त्यांना?”

“धाकटा म्हणतो, राहू दे, तंटा मिटला, ते पण खूश, आपण पण खूश. सून म्हणते, सांगायचंच. आक्का गप्प आहे. तिचं आपलं, बापाच्या डोळ्यांतलं पाणी कसं पुसायचं?”

“सांगू नये,” तात्यांनी निकाल दिला. “नाव एकच आहे. पणजोबांचंही झालं, आजीचंही झालं. एका दगडात दोन पक्षी. काय बिघडलं?”

मला ते पटलं नाही. तात्यांचं म्हणणं समंजस होतं, गोडही होतं. तेच मला खटकत होतं. ज्या नावामुळं तिचं नाव गेलं, तेच नाव पुन्हा वरचढ झालं, आणि तेही तिच्या नावानं चाललेल्या बारशात. मी तसं बोललेही.

“बरोबर,” माई म्हणाल्या. “कृष्णाजींना काय कमी आहे? हेळव्याच्या चोपडीत आहेत. सातबाऱ्यावर होते. मळ्यातल्या विहिरीच्या कट्ट्यावर सिमेंटमध्ये नाव आहे, खाली सन आहे. म्हाळाला तीन पिढ्यांची नावं घेतात तेव्हा आप्पांच्या तोंडून निघतातच. हिचं तेवढ्या तांब्यावर आहे. आणि तांब्या पोत्यात होता.”

“मग सांगणार कोण?”

“सांगायला कशाला लागतंय? बारशाला ओटी भरायला मला बोलावलंय. मी आक्काला म्हटलंय, तो तांब्या लख्ख घासून ठेव, पाळण्याखाली पाणी भरून ठेवायला घेऊ. आणि पाणी भरायच्या आधी मी तो नेऊन आप्पांच्या हातात देणार. म्हणणार, आप्पा, अक्षरं बारीक आहेत हो, माझा चष्मा घरी राहिला, जरा मोठ्यानं वाचून दाखवा की.”

“आणि ते म्हणाले, मला दिसत नाही, तर?”

“गेल्या महिन्यातच मिरजेला मोतीबिंदू काढून आलेत. तेव्हापासून पंचांगातला बारीक टाइप सुद्धा चष्म्याशिवाय वाचतात, आणि येईल त्याला वाचून दाखवतात. न दिसून कुठं जातंय?”